डिग्री नाही हो तिच्याकडे

एक वाक्य मी सात वर्षं तोंडात धरून बसलो होतो. "डिग्री नाही हो तिच्याकडे." एवढंच. हातात पेढ्यांचा बॉक्स, समोर आमचे प्लांट हेड, मागे सगळी टूलरूम, आणि मी हे वाक्य अगदी सहज, जाता जाता सुचल्यासारखं म्हणणार. दाढी करताना आरशासमोर म्हणून बघायचो. कधी ‘नाही’वर जोर देऊन, कधी ‘हो’ लांबवून. बायको बाहेरून विचारायची, "कुणाशी बोलायलाव?" मग मी नळ सोडायचो.

राग मनात धरू नये, त्रास आपल्यालाच होतो, असं सांगणारे खूप भेटले. मला मात्र त्या रागाने सात वर्षं फर्स्ट शिफ्टच्या बसला वेळेवर उभं केलं. रजा कमी घेतल्या, बीपीची गोळी चुकवली नाही. वाक्य म्हणायच्या आधी मरायचं नव्हतं मला.

हे प्लांट हेड म्हणजे माझा साहेब. तो कोण ते आधी सांगतो. मी बीड जिल्ह्यातून आयटीआय फिटर होऊन इकडे आलो आणि कुरुळीजवळच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये चिकटलो. गाड्यांचे पत्र्याचे भाग करायची कंपनी. पत्रा ज्या लोखंडी साच्यात दाबून त्याला दरवाजाचा नाहीतर बोनेटचा आकार देतात त्याला डाय म्हणतात, आणि त्या डाय जुळवणं हे माझं काम. एका भागाला निळा रंग लावायचा, दोन्ही भाग एकमेकांवर मिटवायचे, उघडून बघायचं की निळं कुठे कुठे उमटलंय. जिथे उमटलं तिथे उंचवटा. तो ग्राइंडरने हलकेच घासायचा, पुन्हा निळं, पुन्हा मिटवायचं. दिवसभर हेच. ज्याला घाई आहे त्याने या कामात पडू नये.

साहेब माझ्याकडे आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. इंजिनिअरिंग कॉलेजातून थेट आमच्याकडे ट्रेनी म्हणून. कंपनीची रीतच होती, नव्या इंजिनिअरने सहा महिने टूलरूममध्ये काढायचे. पहिल्या दिवशी त्याने डायला इतकं निळं फासलं की दोन्ही भाग रंगपंचमी खेळून आल्यासारखे दिसत होते. मी म्हटलं, "पोळीला तूप लावतात तेवढंच लावायचं, साहेब." तो हसला. पोरगा वाईट नव्हता, हे मी आजही कबूल करतो. मला मामा म्हणायचा, सगळेच म्हणायचे. डबा खायला माझ्या शेजारी बसायचा. चौथ्या महिन्यात त्याने भलत्याच जागी ग्राइंडर चालवला आणि एका नव्याकोऱ्या डायला खड्डा पाडला. रडायचा बाकी होता. मी रविवारी आलो, खड्डा वेल्डिंगने भरला, पुन्हा घासून जुळवून दिला आणि फोरमनला अवाक्षर सांगितलं नाही. सोमवारी तो माझ्या पाया पडायला वाकला होता. मी हात धरला. तेव्हा वाकू दिलं असतं तर बरं झालं असतं, असं नंतर पुष्कळदा वाटलं.

आमच्या पट्ट्यात माणसाची किंमत गेटवरच ठरते. आयटीआय म्हणजे वर्कर, निळा शर्ट. डिग्री म्हणजे स्टाफ, राखाडी शर्ट. स्टाफची बस वेगळी, तिला पडदे. कॅन्टीन एकच, आचारीही एकच, पण जेवणाची दारं दोन. एकाच पातेल्यातली डाळ आमच्या दारातून आली की नुसती डाळ, पलीकडच्या दारातून आली की तिच्यावर कोथिंबीर.

ट्रेनीचा पुढे इंजिनिअर झाला, इंजिनिअरचा मॅनेजर. मी तिथेच होतो. आमचे सुपरवायझर निवृत्त झाले तेव्हा आठ महिने त्यांचं काम मीच बघितलं. नोटीस लागली, मी अर्ज केला, बायकोने नवा पांढरा शर्ट आणला. मुलाखतीला टेबलापलीकडे तीन जण होते, मधल्या खुर्चीवर साहेब. त्याने माझा अर्ज उलटसुलट केला आणि म्हणाला, "मामा, हात सोन्याचे आहेत तुमचे. पण सुपरवायझर म्हणजे स्टाफ, आणि स्टाफला डिग्री लागते. नियम आहे. माझ्या हातात काही नाही."

मी म्हटलं, "साहेब, आठ महिने मीच करतोय ना ते काम?"

"करताय. छानच करताय. पण नियमापुढे मी काय करणार?"

ती जागा एका चोवीस वर्षांच्या इंजिनिअरला मिळाली. त्यालाही पोळीला तूप मीच शिकवलं. पांढरा शर्ट बायकोने परत घडी घालून कपाटात ठेवला.

इथपर्यंत मी गिळलं. गिळणारा मी एकटा नव्हतो, निम्मं चाकण हेच गिळून शिफ्टला जातं. पण पुढचं गिळता आलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा असते. आदल्या दिवशी सगळं पुसून लखलखीत करायचं, प्रेसला झेंडूच्या माळा, ज्याच्या त्याच्या टूलबॉक्सवर हळदकुंकू. त्या दिवशी बायकापोरांना कंपनी बघायला आणता येतं. वर्षभर बाप कुठे जातो ते पोरांना त्या एका दिवशी दिसतं. माझी मुलगी तेव्हा बारावी सायन्सला होती. साहेब प्रत्येक मशीनपाशी थांबून प्रसाद घेत येत होता. माझ्या टेबलापाशी आला, मुलीला म्हणाला, "काय व्हायचंय पुढे?"

ती म्हणाली, "पायलट."

तिने हे मलाही तोवर एकदाच सांगितलं होतं. साहेबाने भुवया उंचावल्या, इकडेतिकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "छान. पण आधी डिग्री कर हं बेटा. अगं, डिग्रीशिवाय आमच्याकडे साधा सुपरवायझर होत नाही, तुझ्या हातात विमान कोण देईल?"

टूलरूम हसली. माझ्याच हाताखाली शिकलेली माणसं हसली. मुलगी माझ्याकडे बघत होती आणि माझ्या हातात प्रसादाच्या द्रोणांची चवड होती. मी पण हसलो. ते माझं हसणं मला सर्वांत जास्त झोंबलं.

त्या रविवारी मी मुलीला म्हटलं, तुझ्या फोनवर काढ बघू, पायलटला काय काय लागतं. तिने काढलं. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मी त्याचा प्रिंट घेतला आणि तिथेच काउंटरला टेकून वाचला. बारावी, फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन. डॉक्टरी तपासणी, कडक. आभाळात दिशा शोधणं, हवामान, कायदे, इंजिन यांचे पेपर. दोनशे तास उड्डाण. वयाची अठरा पूर्ण. पुन्हा वरून खाली वाचलं. पदवी कुठेच नव्हती. दीडशे-दोनशे माणसं पाठीमागे बसवून आभाळात जायला सरकार डिग्री मागत नाही, आणि कुरुळीच्या शेडमध्ये दहा माणसांवर नजर ठेवायला डिग्री लागते! मी दुकानात मोठ्याने हसलो. तो कागद घडी घालून टूलबॉक्सच्या झाकणात, आतल्या गणपतीच्या फोटोमागे सारला. रोज सकाळी झाकण उघडलं की मला दोघांचं दर्शन व्हायचं.

मुलीला विमान हवं होतं. मला साहेबाचं तोंड बघायचं होतं. दोन्ही एकाच वाटेवर आहेत असं मी धरून चाललो.

बारावीचा निकाल चांगला लागला. ती एके दिवशी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म घेऊन आली. घरी बसून करायची बीएस्सी. म्हणाली, "बाबा, फ्लाइंग करता करता होऊन जाईल. नियमात नसली तरी काही कंपन्यांच्या जाहिरातीत लिहितात, पदवीधरांना प्राधान्य. आणि समजा मध्येच डोळ्यांचं काही निघालं, मेडिकल गेलं, तर हातात काहीतरी पाहिजे ना?"

सतरा-अठरा वर्षांच्या पोरीने किती शहाण्यासारखं बोलावं! तिच्या आईने लगेच मान हलवली. मी फॉर्म हातात घेतला. वरच्या कोपऱ्यात तिने आपला फोटो चिकटवला होता, अजून डिंक ओला होता.

"डिग्री घेऊन पायलट झालीस तर तो माणूस म्हणणार, बघा, मी सांगितलं होतं ना," मी म्हणालो. "मला तसं चालणार नाही."

"कोण माणूस?" तिने विचारलं. तिला खरंच आठवत नव्हतं.

मी फॉर्म फाडला. चार तुकडे केले. फोटो तेवढा सोडवून टेबलावर ठेवला, फुकट जाऊ नये म्हणून. ती खाली पडलेले तुकडे गोळा करायला लागली. बायको मात्र बोलली, "तुमचं डोकं फिरायलंय का?" मी तिलाही झापलं.

पुढची अडीच वर्षं कशी गेली त्यात फार शिरत नाही. आलो तेव्हा स्वस्तात घेतलेला कुरुळीतला दोन गुंठ्यांचा प्लॉट विकला, बायकोच्या पाटल्या गेल्या, बँकेत सह्या करून हात दुखले. विदर्भातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये ती राहिली. मेडिकलच्या दिवशी मी कामावर डाय मिटवताना बोट चिमटून घेतलं, नख काळं पडलं. ज्या दिवशी ती पहिल्यांदा एकटी विमान घेऊन वर गेली त्या दिवशी फोनवर मला म्हणाली, "बाबा, शेजारची सीट रिकामी होती, तिच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं." मी सगळ्या टूलरूमला ते सांगितलं. साहेबाच्या कानावर जावं म्हणून जरा मोठ्याने सांगितलं. तो तोवर प्लांट हेड झाला होता, काचेच्या केबिनमध्ये बसायचा. वाक्य मात्र मी राखून ठेवलं. नोकरी लागेपर्यंत ते खर्च करायचं नव्हतं.

लायसन हातात आलं आणि कोरोना आला. देशातली विमानं ओळीने जमिनीवर उभी. होते त्या पायलटांनाच घरी बसवलेलं, नव्यांना कोण विचारतो? ती घरी आली. आमच्या चिखलीच्या दोन खोल्यांत कमर्शियल पायलट भांडी घासत होती. मी रोज कामावरून आलो की चपला काढायच्या आधी विचारायचो, "मेल आली का?" ती म्हणायची, "नाही, बाबा." एकदा एक जाहिरात निघाली, तिच्यात शेवटच्या ओळीत ते होतंच, पदवीधरांना प्राधान्य. तिने फोन माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "ही कंपनीच भिकार दिसतीय."

काही महिन्यांनी तिने सांगितलं, चिंचवडला एका क्लासमध्ये शिकवायला जाते, पायलटच्या परीक्षेचे विषय. मला बरं वाटलं. सकाळी लवकर जायची, संध्याकाळी यायची. तिच्या बुटांवर बारीक राखाडी धूळ असायची. ती धूळ मी ओळखायला हवी होती. महाळुंग्याच्या रस्त्यावर कंटेनर उडवतात ती धूळ, माझ्या बुटांवर पंचवीस वर्षं तीच आहे. पण माझं लक्ष मेलकडे होतं.

मेल आली ती दीड वर्षाने. लेखी परीक्षा झाली, सिम्युलेटर झालं, मुलाखत झाली. मी एकच विचारलं, "डिग्री मागितली का?" ती म्हणाली, "फॉर्ममध्ये रकाना होता. मी रेघ मारली. त्यांनी बारावीचं मार्कशीट बघितलं, लायसन बघितलं, पुढे काही विचारलं नाही." ती रेघ! मी बायकोला म्हटलं, ऐकलंस का, रेघ मारली. बायको डोळे पुसत होती, ती वेगळ्या कारणाने.

मग तिचं त्या मोठ्या विमानाचं ट्रेनिंग झालं, खांद्यावर पट्ट्या आल्या, प्रवासी घेऊन उडायला लागली. मला पेढे वाटायची घाई होती, पण मी खंडेनवमीपर्यंत थांबलो. जिथे हसले तिथेच, त्याच दिवशी, त्याच टेबलापाशी. मी तिला म्हटलं, युनिफॉर्म घालून ये. ती म्हणाली, "बाबा, तो ड्युटीवर घालायचा असतो." साध्या सलवार-कमीजमध्ये आली. चालेल म्हटलं. मी कपाटातून तो पांढरा शर्ट काढला. पोटावर जरा ताणत होता.

झेंडूच्या माळा तशाच, टूलबॉक्सवर हळदकुंकू तसंच. माझ्या शेजारी आमचा जुना टर्नर उभा होता. कुरुळीचाच माणूस, त्याच्या बापाची जमीन आमच्या शेडखाली गेलेली. साहेब मशीन मशीन करत जवळ येत होता. केस पिकले होते, चष्मा लागला होता. मी बॉक्सचं झाकण उघडलं. वाक्य जिभेच्या टोकावर आणून ठेवलं. सगळी टूलरूम बघत होती, अगदी मला हवी तशी.

साहेब समोर आला. मी तोंड उघडणार एवढ्यात मुलगी पुढे झाली आणि वाकून त्याच्या पाया पडली.

नुसता हात लावल्यासारखा नमस्कार नव्हता. दोन्ही हात त्याच्या सेफ्टी शूजवर टेकवून ती नीट पाया पडली. उठली आणि म्हणाली, "सर, थँक्यू. तुमच्यामुळे टिकले मी."

"अगं अगं, कॅप्टनने पाया पडायचं नसतं," साहेब म्हणाला. खूश झाला होता. "महाळुंग्याचं गोडाऊन अजून तुझी आठवण काढतं. तुझ्यानंतर आलेल्या सुपरवायझरला ते रॅकचं गणित जमतच नाहीये." मग त्याने माझ्याकडे बघितलं, बॉक्समधला पेढा उचलला, अर्धा मोडून ठेवला, शुगर आहे म्हणून. "मामा, अभिनंदन. रत्न आहे तुमची मुलगी."

मी म्हटलं, "कसलं गोडाऊन?"

मी टूलरूमकडे बघितलं. एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. जो तो आपापल्या बुटांकडे बघत होता.

"हिने सांगितलं नाही तुम्हाला?" साहेब म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच कळलं. "अरे. सॉरी. असो." माझ्या खांद्यावर थोपटून तो पुढच्या मशीनकडे गेला. माझ्या हातात बॉक्स आणि बॉक्समध्ये त्याचा अर्धा पेढा. वाक्य तोंडातच राहिलं.

टर्नर हळूच म्हणाला, "भावा, आमाला समद्यांना ठावं व्हतं. दीड वरीस. तुला कोन सांगनार? त्या सायबाचं नाव काढलं की तू हातातली कानस आपटतूस. पोरीनंच हात जोडलं व्हतं, बाबांना सांगू नका म्हनून."

"आणि तू गप्प बसलास?"

"व्हय, बसलो. पोरगी कामाला जातीया, चोरी न्हाई करत."

घरी जाताना मी गाडी कुरुळी फाट्याला टपरीपाशी उभी केली. चहा सांगितला आणि तिच्याकडे न बघता म्हटलं, "सांग."

तिने सांगितलं. लायसन घेऊन ती त्या वर्षी तेरा-चौदा ठिकाणी फिरली होती. कॉल सेंटर, बँकेचं काउंटर, एका शाळेचं ऑफिस. सगळीकडे एकच प्रश्न, ग्रॅज्युएशन? ती म्हणायची बारावी, पण कमर्शियल पायलट आहे. समोरची माणसं हसायची. एकाने तर विचारलं, मग विमान कुठे लावलंय? शेवटी ती साहेबाकडे गेली. गेटवर माझं नाव सांगितलं म्हणून तिला आत सोडलं.

"कंपनीच्या महाळुंग्याच्या गोडाऊनला सुपरवायझरची जागा होती," ती म्हणाली. "ग्रॅज्युएटच पाहिजे असं होतं. ते म्हणाले, नियम आहे, पण बघतो काहीतरी. मामांची मुलगी आहेस तू. दोन दिवसांनी त्यांनी फोन केला, ये म्हणून."

चहाचा ग्लास माझ्या हातात गरम होता, मी तसाच धरून ठेवला.

नियम आहे, पण बघतो काहीतरी. हे ‘पण’ त्याच्याकडे होतं तर! मी पांढरा शर्ट घालून त्याच्यासमोर बसलो तेव्हाही ते त्याच्याकडे होतं. माझ्या हातात काही नाही, असं तो म्हणाला होता. होतं. दोन दिवसांत नियम वाकवता येईल एवढं त्याच्या हातात होतं, फक्त माझ्यासाठी ते त्याने उघडलं नाही. माझ्या मुलीला त्याने तीच जागा दिली, त्याच नावाची, सुपरवायझर, डिग्री नसताना. मला वाटलं होतं माझा राग संपवायचा दिवस आज आहे. तो तर तिथे नव्याने सुरू झाला.

मी तिला हे बोलून दाखवलं. बरंच बोललो. टपरीवाला दोनदा वळून बघून गेला. तो माणूस कसा आहे, त्याने उपकार करून माझ्यावर दुसऱ्यांदा कसा पाय दिला, तू त्याच्या पाया पडून माझं सगळं कसं घालवलंस. तिने ऐकून घेतलं. ती विमान उडवायला लागल्यापासून मध्ये बोलत नाही, समोरच्याचं पूर्ण होऊ देते.

मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला त्यांनी अडवलं ते चूकच होतं. मला माहितीये. पण मला कुणी अडवलं? तुम्ही माझा फॉर्म फाडलात. त्यांनी मला नोकरीचा फॉर्म दिला."

माझ्याकडे उत्तर होतं, की डिग्री लागली का शेवटी? नाही ना लागली? ते मी म्हणालोसुद्धा.

"विमानाला नाही लागली," ती म्हणाली. "मधल्या दोन वर्षांना लागली होती." आणि चहाचे पैसे द्यायला उठली.

या गोष्टीला आता काही वर्षं होऊन गेली. साहेबाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. तो समोरून आला की नमस्कार करतो, केबिनमध्ये बोलावलं तर उभाच राहतो. दोन महिन्यांनी मी निवृत्त होतोय. निरोपाचा कार्यक्रम कॅन्टीनमध्ये असतो, त्या दिवशी वर्करला स्टाफच्या दाराने आत नेतात. साहेब बोलेल, सोन्याचे हात म्हणेल, शाल देईल. मग मला दोन शब्द बोलायला सांगतील. नवं वाक्य तयार आहे माझं: "वाकवता येत होतं, तर माझ्या वेळी का अडवलंत?" शाल खांद्यावर असतानाच म्हणणार आहे, सगळ्यांदेखत.

मुलीने मुक्त विद्यापीठात नाव घातलंय. वेगवेगळ्या गावांच्या हॉटेलांत उतरते तिथे अभ्यास करते. पहिल्या वर्षाच्या पुस्तकांचं पार्सल मागे घरी आलं तेव्हा ती ड्युटीवर होती. मीच सही करून घेतलं. उघडलं तर वर तिच्या प्रवेश अर्जाची प्रत होती. कोपऱ्यात फोटो होता तो जुना, अठरा वर्षांची असतानाचा. मागच्या बाजूला वाळलेल्या डिंकाचा पिवळा डाग झेरॉक्समध्ये येत नाही, पण फोटो मी ओळखला. टेबलावर ठेवला होता तो मीच, फुकट जाऊ नये म्हणून. इतकी वर्षं तिने तो कुठे जपला असेल, ते मी विचारलेलं नाही.

सकाळी दाढी करताना मी नवं वाक्य म्हणून बघतो. माझ्या वेळी का अडवलंत? आवाज बरोबर लागतो, जोरही हवा तिथे पडतो. पण समोर साहेबाचं तोंड काही केल्या येत नाही. साबण लावलेलं माझंच तोंड असतं, आणि विचारणारा आवाज अठरा वर्षांच्या पोरीचा. बायको बाहेरून विचारते, "कुणाशी बोलायलाव?"

मी नळ सोडतो.